घराचा चार्ज कुणाकडे दिलाय?

प्रश्न थोडक्यात असा: "वय 45. राष्ट्रीयीकृत बँकेत 21 वर्षं नोकरी, आता शाखा व्यवस्थापक. कोल्हापूरहून रोज 50 किलोमीटर स्वतः गाडी चालवत तालुक्याच्या शाखेत जाते. घरी सासूबाई मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत, मुलगा बारावीला, मिस्टर प्राध्यापक. पहाटे पाचला उठून प्राणायाम करते, रात्री झोपायला साडेबारा होतात. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या एका आजोबांचा अंगठा मशीन घेईना, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. ती मी नव्हतेच. सगळे म्हणतात, वेळेचं नियोजन कर. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊ का?"

ताई, तुमच्या पत्रात झोप, प्रवास, टार्गेट सगळं आहे, पण मी थांबले ती त्या आजोबांपाशी. गेली 23 वर्षं मी सांगलीत मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. बँकवाले, शिक्षक, परिचारिका, एसटीतली माणसं माझ्याकडे येतात. "दमलोय" म्हणून फार थोडे येतात. बहुतेक जण तुमच्यासारखंच काहीतरी सांगत येतात. एका परिचारिकेने सांगितलं होतं, "पेशंट कण्हायला लागला की मला त्याचा राग येतो." ती वॉर्डातली सगळ्यात मायाळू बाई होती.

1974 साली न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 'बर्नआउट' या नावाने ही अवस्था मांडली. तीसुद्धा तिथे जीव ओतून काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडे बघून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तिची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपण काही धड करत नाही असं वाटत राहणं. आजोबांवर ओरडणं ही यातली दुसरी गोष्ट. तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. मनाने जी माणसं जवळ धरली होती, त्यांना ते आता लांब ढकलू लागलंय, कारण जवळ धरायला लागणारी ताकद उरलेली नाही. ओरडल्यावर तुम्हाला इतकं लागलं, यातच तुमचं मूळ शाबूत असल्याचं दिसतं.

याच व्याख्येत संघटनेने आणखी एक म्हटलंय, की हा शब्द फक्त नोकरीच्या कामापुरता वापरावा. संशोधनासाठी ते ठीक असेल. माझ्या खोलीत समोर बसलेल्या बाईला तो नियम लागू करता येत नाही. भारत सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं आढळलं, आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. आजारी माणसाची शुश्रूषा यात धरलेली नाही, ती वेगळी मोजतात. तुमच्या दोन्ही ड्यूट्या एकाच शरीराने केल्या आहेत, त्यामुळे मी दोन्हींचा हिशेब एकत्रच मांडणार.

आधी शरीर. हे मी मुद्दाम पहिलं सांगते, कारण तुमच्या वयाच्या स्त्रीला "ताण आहे, ध्यान करा" असं सांगून परत पाठवलेलं मी फार वेळा पाहिलंय. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12, रक्तातली साखर आणि रक्तदाब एवढं या आठवड्यात करून घ्या. घरात मांसाहार नसेल तर बी12 नक्कीच. पंचेचाळिशीत पाळी बदलू लागते. रात्री अचानक घाम फुटून जाग येत असेल, रक्तस्राव वाढला असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा. शेजारच्या तालुक्यातल्या एक मुख्याध्यापिका वर्षभर स्वतःला आळशी म्हणत होत्या. त्यांचं हिमोग्लोबिन निघालं 7. त्या बाई जिने चढून वर्गावर जात होत्या, हेच आश्चर्य.

दुसरं, हे नैराश्य तर नाही ना? दोन्ही एकात एक मिसळलेले असतात, पण एक ढोबळ खूण सांगते. शाखेचा विषय बाजूला ठेवून दोन दिवस माहेरी गेलात, आणि आईच्या हातची भाकरी गोड लागली, भाचरांशी हसायला आलं, तर मामला बहुतांशी झिजण्याचा आहे. तिथेही सगळं बेचव लागलं, पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडत असेल, आपण सगळ्यांना ओझं आहोत असं वाटत असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर हे वाचत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्याला उत्तम उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर आजच्या आज. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. आणि मेडिकलमधून झोपेच्या गोळ्यांची पट्टी आपल्या मनाने आणू नका. बँकेतल्या मंडळींत हे प्रमाण मला अलीकडे फार दिसतं. सहा महिन्यांनी ती गोळी सोडवणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं.

आता तुमच्या पहाटेच्या प्राणायामाबद्दल. ताई, तो सध्या बंद करा. साडेबारा ते पाच म्हणजे साडेचार तास झोप. प्रौढ माणसाला सात तरी लागते. रोज अडीच तास उसने घेऊन त्यातून अर्धा तास शांती मिळवायची, हा व्यवहार तुम्ही शाखेत कुणाला मंजूर केला नसता. दोन महिने सहाला उठा आणि रात्री अकराला दिवे बंद. ते कसं जमायचं, ते पुढे येतंच. प्राणायाम दुपारी जेवणानंतर केबिनमध्ये पाच मिनिटं करा, किंवा रविवारी.

झोपेचा आग्रह मी तुमच्या गाडीमुळेही धरते आहे. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची हालचाल आणि लक्ष रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं मंदावतं, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 0.03 आहे. पाचला उठून, संध्याकाळची व्हीसी (व्हिडिओ मीटिंग) लांबली म्हणून नऊला शाखेतून निघून, दहाला घरी पोचता, त्या रात्री तुम्ही थेंबही न घेता त्या मर्यादेच्या पलीकडे असता. व्हीसी असेल त्या दिवशी शाखेतल्या कुणाबरोबर तरी या, एसटीने या, नाहीतर ड्रायव्हर सांगा. यात काटकसर करू नका.

वेळेच्या नियोजनाचा सल्ला देणाऱ्यांनी तुमचा आठवडा मोजलाय का? साडेनऊ ते आठ, असे पाच दिवस, त्यात चालू शनिवार, त्यात रविवारच्या कर्जवसुलीच्या फेऱ्या. हे सहज 55 तासांवर जातं, प्रवास सोडून. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त होता. तुमचं नियोजन चांगलंच आहे. ते चांगलं आहे म्हणूनच तुम्ही इतकी वर्षं तगलात. भरलेल्या पोत्यात धान्य कितीही नीट रचलं तरी आणखी पायली मावत नाही.

मग काढायचं काय? इथे मला तुमच्याच बँकेतली एक पद्धत आठवते. तिजोरीच्या किल्ल्या दोन माणसांकडे असतात. एक किल्ली तुमच्याकडे, एक कॅश ऑफिसरकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. रजेवर जाताना चार्ज द्यावा लागतो. नुसतं "जरा बघ हं" म्हणून भागत नाही. रजिस्टरला नोंद होते, घेणारा सही करतो, आणि त्या क्षणापासून ती किल्ली त्याची जबाबदारी. ही व्यवस्था चोरीच्या भीतीने आली, पण एका माणसावर सगळं टाकू नये हे शहाणपण तिच्यात आहे. घरी मात्र सगळ्या किल्ल्या तुमच्या एकट्याच्या कमरेला. तिथे तुम्ही 21 वर्षांत कुणाला चार्ज दिलेलाच नाही.

माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी एक तक्ता करायला देते. कागदाला उभ्या तीन रकान्यांत दुमडायचं. पहिल्यात घरातलं काम, दुसऱ्यात ते करतं कोण, तिसऱ्यात ते करायचंय हे आठवतं कोणाला. दुसरा रकाना बघून नवरे सहसा खूश असतात. सिलिंडर मी लावतो, भाजी मी आणतो, बिलं मी भरतो. तिसरा भरताना खोलीत शांतता पसरते. सिलिंडर संपत आलाय, भाजीत काय नाही, मुलाच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख, सासूबाईंचा डायपर संपतोय, बाईंचा पगार, वास्तुशांतीचं आहेराचं पाकीट, सगळीकडे एकच नाव. हातांचं काम वाटलेलं असतं, डोक्याचं नसतं. आणि मीटिंगमध्ये एनपीएचा (थकीत कर्जांचा) आकडा सांगताना मागे जे घरघरत असतं, ते हे डोक्याचं काम.

गेल्या वर्षी एका बाईंच्या घरात आम्ही एकच गोष्ट बदलली. त्यांच्या सासऱ्यांना दिवसाला नऊ गोळ्या होत्या. सात दिवसांचे कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा रविवारी रात्री भरून ठेवायचं काम नवऱ्याने घेतलं. पहिल्या रविवारी ते डबा घेऊन बसले आणि बाई भाकरी थापत होत्या. "ही पांढरी सकाळची का?" "ही अर्धी करायची ना?" "पट्टी संपली, दुसरी कुठाय?" बाईंनी ओट्यापासूनच अकरा प्रश्नांची उत्तरं दिली. पुढच्या भेटीत दोघं म्हणाले, काम वाटून घेतलं. मी म्हटलं, अजून नाही. डॉक्टरांचा कागद त्यांच्या हातात द्या, एकदा समोर बसून सगळं समजावून सांगा, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला तुम्ही घराबाहेर पडा. त्या बाई गणपतीच्या देवळात जाऊन बसल्या. नवऱ्याला एका गोळीबद्दल शंका आली, त्यांनी मेडिकलवाल्याला फोन लावला, मग डॉक्टरांना. डबा भरला. तिसऱ्या आठवड्यात एक पट्टी संपत आल्याचं त्यांना स्वतःहून लक्षात आलं. त्या दिवशी चार्ज गेला. बाई मला म्हणाल्या, "रविवार रात्री डोक्यात एक खोली रिकामी झाल्यासारखं वाटतं."

तुमच्या मिस्टरांकडे असाच सासूबाईंचा चार्ज द्या. त्या त्यांच्या आई आहेत, आणि प्राध्यापकांचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा पुष्कळ बरं असतं. औषधं, फिजिओथेरपिस्टची वेळ, दिवसा सांभाळणाऱ्या मावशींशी बोलणं, त्यांची रजा, त्यांच्या जागी बदली माणूस, सगळं. अर्धं देऊ नका. अर्ध्या चार्जमध्ये काम त्यांचं आणि काळजी तुमचीच राहते. पहिला महिना चादर नीट खोचलेली नसेल, पेज घट्ट झालेली असेल. दिसलं तरी बोलू नका. हे सांगायला सोपं आणि करायला फार जड, मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी भावाला त्यांच्या अंघोळीचं काम दिलं आणि तीन दिवस दाराशी उभी राहून सूचना देत होते. चौथ्या दिवशी वडिलांनीच मला खुणेने बाहेर जायला सांगितलं. नणंद जवळ राहत असेल तर महिन्यातला एक शनिवार-रविवार तिच्याकडे मागा. मागताना "जमलं तर बघ" नको. तारीख सांगून मागा.

बारावीचा मुलगा 17-18 वर्षांचा आहे. त्याच्या अभ्यासाची काळजी तुम्ही वाहताय ती वाहा, पण त्याचे कपडे, त्याचं ताट, त्याची सकाळची जाग त्याच्याकडे. त्याचं वर्ष महत्त्वाचं आहे म्हणून आईने अर्धमेलं व्हावं, असा धडा त्याने या घरातून घेऊन जाऊ नये.

शाखेचं वेगळं आहे. तिथे तुम्ही काम सोडायला तयार असाल, पण भीती रास्त आहे: सही माझी, उद्या कर्ज थकलं तर उत्तर मला द्यावं लागेल. "सगळं सोपवा" असा सल्ला मी देणार नाही. मंजुरी, तपासणी, किल्ली तुमच्याकडेच राहील. पण दिवसाच्या नोंदी काढल्यात तर दिसेल की त्यातला बराचसा भाग सहीचा नसतोच. आरओला (प्रादेशिक कार्यालयाला) पाठवायचे आकडे, एकच माहिती तीन नमुन्यांत भरणं, ग्राहकांचे तुमच्या खासगी मोबाइलवर येणारे फोन. आकड्यांचं काम एका तरुण ऑफिसरला पूर्ण द्या, चूक झाली तर तोच आरओशी बोलेल या अटीवर. शाखेचा मोबाइल वेगळा ठेवा आणि तो आळीपाळीने एकेकाकडे असू द्या. हे तुम्ही एका महिन्यात करू शकता, कुणाच्या परवानगीविना.

आणि संध्याकाळी निघताना दहा मिनिटं. कॅश टॅली झाल्याशिवाय तुम्ही कधी शाखा सोडली आहे का? पाच रुपयांचा फरक असला तरी सगळे थांबतात. डोकं मात्र रोज टॅली न करता घरी नेता. एका वहीत तारीख टाकून लिहा: आज काय लटकलं, त्याचं पुढचं पाऊल काय, ते कधी, कोण. उद्याची पहिली तीन कामं. वही ड्रॉवरमध्ये, किल्ली फिरवायची, निघायचं. रात्री अंथरुणात "अरे, त्या पाटलांच्या रिन्युअलचं राहिलं" असं आठवलं की मनाला उत्तर देता येतं, की वहीत आहे. पहिले दहा-बारा दिवस मन ऐकत नाही. मग ऐकायला लागतं. माझ्या रुग्णांपैकी ज्यांनी हे महिनाभर सोडलं नाही, त्यांना रात्री लवकर झोप लागू लागलेली मी पाहिली आहे, गोळीशिवाय.

रजेबद्दल तर तुमच्या क्षेत्रात एक नियम असा आहे, की तो माझ्या प्रिस्क्रिप्शनवर छापून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या सूचनेनुसार संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, सलग किमान 10 कामाचे दिवस, आधी न कळवता सक्तीची रजा द्यायची असते. त्या काळात कामाशी संबंधित कुठलीही साधनं त्यांना वापरू द्यायची नाहीत, अंतर्गत ईमेल तेवढा चालतो. हेतू गैरव्यवहार उघडकीला यावेत हा. पण झिजलेल्या माणसाला नेमकं हेच लागतं: सलग दिवस, कामाशी तुटलेला संपर्क, आणि जागेवर दुसरा जबाबदार माणूस. संवेदनशील जागा कोणत्या ते प्रत्येक बँक आपल्या धोरणात ठरवते. तुमची जागा त्यात आहे का बघा. असेल तर ही रजा कागदोपत्री उरकू देऊ नका. नसेल तर साचलेल्या पीएलमधून (हक्काच्या रजेतून) सलग 12 दिवस मागा, मार्च एंड उलटल्यावर, लेखी, चार्ज घेणाऱ्या ऑफिसरच्या नावासकट. दोन-दोन दिवसांच्या सुट्ट्या तुमच्या आजच्या अवस्थेत पुरत नाहीत. पहिले तीन-चार दिवस तर नुसती झोप निघते. आणि ही रजा सासूबाईंच्या शुश्रूषेत घालवायची नाही, म्हणून घरचा चार्ज आधी, रजा नंतर.

व्हीआरएसचं काय? आज ठरवू नका. साडेचार तासांच्या झोपेवर कुणी तुमच्याकडे आयुष्यभराची मुदत ठेव मोडायला आलं असतं, तर तुम्ही त्याला दोन आठवड्यांनी यायला सांगितलं असतं. रजेनंतर आठ आठवडे जाऊ द्या आणि मग एक प्रश्न विचारा: मला दमवतंय ते कामाचं प्रमाण, की कामाचं स्वरूप? क्रिस्टिना मॅसलॅक या संशोधिकेने मायकेल लायटर यांच्याबरोबर माणसाला झिजवणाऱ्या सहा गोष्टी दाखवल्या. कामाचा बोजा, हातात असलेलं नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांची सोबत, न्याय आणि मूल्यं. बोजा विश्रांतीने आणि वाटणीने उतरतो. मूल्यांचं घर्षण विश्रांतीने जात नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ ओझरती आली आहे, की एफडी करायला आलेल्या विधवा बाईंना टार्गेटसाठी विम्याची पॉलिसी दिली आणि घरी जाताना गाडी बाजूला घेऊन रडले. ताई, त्या रडण्यावर झोप हा इलाज नाही. ते जर वारंवार होत असेल तर जागा बदलणं हाच इलाज आहे, आणि जागा बदलायला नोकरीच सोडावी लागते असं नाही. तपासणी, प्रशिक्षण केंद्र, प्रशासकीय कार्यालय अशा जागांसाठी अर्ज करता येतो. दीर्घ बिनपगारी रजेची सोय तुमच्या बँकेत आहे का, ते नियमावलीत पाहा. बढतीची परीक्षा एक वर्ष पुढे ढकलली म्हणून काही बुडत नाही. आणि एवढं करूनही सोडायचं ठरलं, तर पेन्शनचा हिशेब मांडून, झोप झालेल्या डोक्याने सोडा. मग मी तुमच्या बाजूने आहे.

रक्ताचे रिपोर्ट आले की जवळच्या डॉक्टरांना दाखवा. तीन रकान्यांचा तक्ता या रविवारी मिस्टरांबरोबर बसून भरा. त्यांना हे पत्र वाचायला द्या.

त्या आजोबांबद्दल शेवटचं. तुम्ही विचारलंय, आता इतक्या महिन्यांनी माफी मागून काय होणार. त्यांचा नंबर शाखेत असेल. फोन करा, आणि येत्या नोव्हेंबरात रांगेत न लावता त्यांना तुमच्या केबिनमध्ये बसवा. अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील तर चेहऱ्यावरून मोबाइलवर दाखला निघतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.